पागेचा चातुर्मास

राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवाजी महाराजांनी चिपळूण भागातल्या छावणीवरच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना लिहिलेले एक पत्र मराठी वाचकाला चांगले ठाऊक आहे. लष्कराने रयतेला काडीचाही उपद्रव देऊ नये, दिला तर यांच्यापेक्षा मोगल बरे असे लोकांना वाटेल, हा त्याचा आशय भाषणांतून आणि क्रमिक पुस्तकांतून इतक्या वेळा सांगितला गेला आहे, की पत्राचा उरलेला भाग वाचण्याची गरजच कुणाला वाटत नाही. पण ते पत्र सुरू कुठून होते ते पाहावे. ते सुरू होते दाण्या-वैरणीपासून. दाभोळच्या सुभ्यात पागेसाठी पावसाळ्याची जी बेगमी करून ठेवली होती, ती लष्कराच्या चिपळूणच्या मुक्कामात बरीचशी संपली; गडागडांवरून गल्ला आणवून ती कशीबशी पुन्हा भरून काढली आहे; आता तीही मनाला येईल तशी उधळलीत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि त्यांच्या मरणाचे धनी तुम्हीच व्हाल. मग पोटासाठी कुणी कुणब्याचे दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी सरपण, असा तो सगळा युक्तिवाद आहे. रयतेचा छळ हा त्यातला शेवटचा दुवा. पहिला दुवा उपाशी घोडा. आणि त्याच पत्रात महाराज बजावतात, की गवताच्या आसपास चुली पेटवू नका, तंबाखूसाठी विस्तव नेऊ नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत, लहाळ्या, पागा सगळे खाक होईल.

राज्य उभे करणाऱ्या माणसाला उंदराच्या वाटेचा विचार का करावा लागला, या प्रश्नाला मराठ्यांच्या लष्करी इतिहासात मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. आपण घोडदळाचा इतिहास दौडीत शोधतो. अमुक सरदार अमुक दिवसांत अमुक कोस गेला, शत्रूला पत्ता लागण्याआधी त्याच्या पिछाडीवर उतरला, लूट घेऊन घाटात शिरला, हे सांगताना आपल्याला स्फुरण चढते. घोडा मात्र या कथनात आयता तयार असतो, जीन कसून उभा. माझे म्हणणे असे आहे की घोडदळाची ही ताकद दिसली मोहिमेच्या आठ महिन्यांत, पण घडली ती पावसाळ्याच्या चार महिन्यांत, पागेत. आणि मोहिमेचे वेळापत्रकही सेनापतीच्या मर्जीपेक्षा गवत, दाणा आणि खूर यांनीच जास्त ठरवले. पागा ही लष्करी संस्था होती हे खरे, पण तिचा रोजचा कारभार शेतीचा होता. तो समजून घेतल्याशिवाय मराठ्यांच्या वेगाचे कोडे उलगडत नाही.

घोड्याच्या पोटापासून सुरुवात करू, कारण सगळे गणित तिथेच आहे. बैल पोटभर चरतो आणि मग बसून रवंथ करतो. घोड्याला रवंथ नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, म्हणून त्याला दिवसभर थोडेथोडे खावे लागते, आणि एकदा गिळलेले त्याला ओकताही येत नाही. बुरशी लागलेली वैरण किंवा एकदम जास्त पडलेली चंदी त्याच्या पोटात गेली की पोटशूळ उठतो, आणि धडधाकट जनावर एका रात्रीत जाते. दख्खनी घोडा मध्यम चणीचा. तीनशे किलोचे जनावर धरले तर त्याला रोज निदान सहा किलो वाळली वैरण लागते, कामाच्या जनावराला वर दोनेक किलो दाणा. पंचवीस घोड्यांच्या एका ठाण्याला पावसाळ्याच्या एकशेवीस दिवसांत अठरा टन वैरण आणि सहा टन दाणा हवा. हा माझा ठोकताळा आहे, कुठल्या दप्तरातला आकडा नव्हे. पण तो दुप्पट चुकला असे मानले तरी हजार घोड्यांच्या पागेला शेकडो टन वैरण पहिला पाऊस पडण्याआधी कोरड्या छपराखाली जायला हवी, हे कुणालाही पटेल. ही वैरण आषाढात गोळा करता येत नाही. रब्बी ज्वारीचा कडबा आणि हरभरा माघ-फाल्गुनात हाती येतो, कुरणातले गवत त्याआधी आश्विन-कार्तिकात कापून वाळवावे लागते. म्हणजे श्रावणात घोड्याने काय खायचे ते आदल्या दसऱ्या-दिवाळीपासून ठरत आलेले असते.

गावाकडचा वाचक इथे लगेच विचारील, की पावसाळ्यात तर चोहीकडे गवतच गवत असते, मग साठा कशाला? शंका रास्त आहे. पण मृगाच्या सरींनंतर उगवणारे कोवळे गवत नुसते पाण्याने भरलेले असते. त्याने जनावर पातळ हगते, त्याचे पोट भरल्यासारखे दिसते आणि अंगी काही लागत नाही. ते जून होऊन त्यात कस यायला भाद्रपद उजाडावा लागतो. शिवाय कोकणातल्या किंवा मावळातल्या झडीत घोडा दिवसभर मोकळा चारणे शक्य नसते; पाठ भिजलेली, खूर चिखलात आणि वर माश्यांचा त्रास. म्हणून गवत डोळ्यांसमोर वाढत असतानाही आषाढ-श्रावणात पागा जगते ती कोरड्या गंजीवर. चिपळूणच्या पत्रातली घालमेल नेमकी या फटीत आहे. ते लिहिले तेव्हा वैशाख सरलेला नव्हता, खरी निकड पुढे होती, आणि साठ्याला आताच हात लागला होता.

कृष्णाजी अनंत सभासदाने 1690च्या दशकात जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली. तीत पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. इतिहासकार यातली अधिकारांची उतरंड उचलतात आणि शेवटचे दोन चाकर किरकोळ म्हणून सोडून देतात. मला तेच दोघे महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांची संख्या कामाच्या मापाने ठरलेली दिसते. घोडा दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी पितो, म्हणजे पंचवीस घोड्यांना सहा-सातशे लिटर. नदीवर नेऊन पाजता आले तर ठीक. नाही तर पखालीने ओढायचे. एका माणसाचा दिवस त्यात पुरा होतो. नालबंदाचे तसेच. खूर महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, सहा-सात आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून तो पुन्हा ठोकावा लागतो. पंचवीस घोड्यांचे शंभर खूर म्हणजे रोजचे दोन-तीन. हे झाले संथ दिवसांचे काम. मोहिमेत खडकाळ वाटेवर नाल झिजतात, निखळतात, खिळे तुटतात, आणि नाल गेलेला घोडा दोन कोसांत लंगडतो. शंभर खुरांमागे एक नालबंद ठेवणाऱ्याने हा सगळा हिशोब केलेला होता. ज्याला पागेतले काम हाताने ठाऊक आहे अशा माणसानेच हे प्रमाण घातले असावे.

त्या पंचवीस घोड्यांच्या ठाण्यावरचा एक दिवस कसा जात असेल ते ओळखणे अवघड नाही, कारण घोड्याच्या गरजा तीनशे वर्षांत बदललेल्या नाहीत आणि घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराचे कामही फारसे बदललेले नाही. पहाटे उठून आधी लीद काढायची. एक घोडा दिवसाला दहा-पंधरा किलो लीद टाकतो. ओल्या दिवसांत ती पायाखाली राहिली तर खूर सडलाच. लीद काढता काढता ती पाहायची, कारण घोड्याची तब्येत तिथे आधी कळते: कोरडी गोळीदार आहे की पातळ, तीत अख्खे दाणे पडलेत की काय, कमी तर नाही पडली. मग पाणी, मग वैरण, आणि चंदी त्यानंतर. हरभरा रात्रीच भिजत घातलेला, कोकणात कुळीथ शिजवलेला. तोबरा तोंडाला बांधला की घोडा शांत होतो, आणि तेवढ्या वेळात खरारा. खरारा म्हणजे केवळ अंग चकचकीत करणे नव्हे. हात मानेवरून पाठीवर, पाठीवरून पोटाखाली फिरतो तेव्हा खोगिराखालचा फोड, चिकटलेली गोचीड, पायाच्या नळीवरची ऊब हे सगळे बोटांना सापडते. पाठीवर रुपयाएवढी जागा सोललेली असेल तर त्या घोड्यावर आठवडाभर जीन पडणार नाही, आणि हे मोतद्दाराच्या आधी बारगिराला समजले तर मोतद्दाराची धडगत नाही. मग आगाडी-पिछाडी सोडून फेरायचे, पावसाने उघडीप दिली तर रपेट करायची, कारण चार महिने नुसता बांधून ठेवलेला घोडा दसऱ्याला दमसास हरवून बसतो. दुपारी पुन्हा वैरण, संध्याकाळी पुन्हा पाणी, चंदी, हात फिरवणे. रात्री एक फेरी मारून कुणी पिछाडीत पाय अडकवून घेतला नाही ना ते पाहायचे.

यात पावसाळा भर घालतो तो रोगांची. ओल्या जमिनीवर उभे राहून खुराचा तळ मऊ पडतो आणि त्याला घाण सुटते. तो रोज कोरून, पुसून, शक्य तितक्या कोरड्या मुरमावर घोडा बांधावा लागतो. लहानशी जखम या दिवसांत भरतच नाही, चिघळून मांसाची गाठ होते, आणि पाऊस संपल्यावर आपोआप वाळू लागते. हिंदुस्थानातल्या इंग्रज पशुवैद्यांनीही या व्याधीचे बरसाती हे देशी नावच कायम ठेवले. ती माश्यांनी जखमेवर आणून सोडलेल्या जंतांच्या अळ्यांमुळे होते हे पुढे कळले. पावसाळ्यात आणि त्यानंतर घोडमाश्यांमार्फत पसरणारा सर्रा आणखी वाईट. ताप येतो-जातो, घोडा खातो पण खंगत जातो. त्याचे जंतू ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने 1880मध्ये डेरा इस्माईल खान येथे रक्तात पाहिले. शिवकाळातल्या मोतद्दाराला ना अळी ठाऊक होती ना जंतू, पण माशी आणि रोग एकत्र येतात हे दिसण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर गोठ्यात आजही करतात. आता हा धूर आणि गवताची छपरे शेजारी शेजारी ठेवून पाहा, म्हणजे पत्रातला विस्तवाचा धाक किती खरा होता ते कळेल. आग दूर ठेवावी तर माश्या, जवळ आणावी तर गंजी पेटण्याची भीती. पागेचा कारभार अशा कोंडीतून रोज वाट काढत होता.

माझ्या म्हणण्यावर पहिला मोठा आक्षेप मराठी स्वाराच्या प्रसिद्ध चित्रातूनच निघतो. इतिहासकार ग्रँट डफने नोंदवलेली गोष्ट आहे: निजामाने पहिल्या बाजीरावाचे चित्र काढायला चितारी धाडला, तर त्याने बाजीराव घोड्यावर काढला, खांद्यावर भाला, आगाडी-पिछाडीच्या दोऱ्या तोबऱ्यात कोंबलेल्या, आणि चालता चालता ज्वारीचे कणीस दोन्ही हातांनी चोळून खाणारा. असा स्वार, असा घोडा, ज्याला ना तंबू लागतो ना बाजारबुणगे. त्याच्यासाठी गंजी आणि पखालींच्या कथा कशाला? पण चित्र पुन्हा पाहावे. पिकलेल्या ज्वारीचे कणीस वर्षभर शेतात उभे नसते. खरिपाची ज्वारी दसऱ्या-दिवाळीपासून आणि रब्बीची माघ-फाल्गुनापर्यंत, एवढाच त्या चित्राचा हंगाम. परमुलखात उभ्या पिकावर घोडा पोसता येतो तो याच दिवसांत, आणि मराठ्यांची मुलूखगिरी याच दिवसांत चालत होती. घासदाणा या नावाने ते वसुली करत, तीही याच मोसमात सुचण्यासारखी. आषाढात त्या स्वाराला चोळायला कणीस मिळाले नसते आणि घोड्याला कडब्याचे चिपाडही नाही. शिवाय तोबरा आणि दोऱ्या इतक्या बिनतक्रार सोबत बाळगणारे जनावर रानात सापडत नाही. थोड्यावर भागवण्याची सवय, अनोळखी जागी मेखेला शांत उभे राहण्याची सवय, मिळेल ते पाणी पिण्याची सवय त्याला कुणीतरी लावलेली असते, आणि ती लागते ठाणावर.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पावसाळ्यात मोहिमा थांबत त्या घोड्यांसाठी नव्हे, शिपाई मुळात कुणबी होते आणि त्यांना पेरणीला घरी जायचे असे म्हणून. शिवाय नद्यांना पूर येत. नद्यांचे कारण मी अमान्य करत नाही. पेरणीचे कारणही मावळ्यांच्या आणि कित्येक शिलेदारांच्या बाबतीत खरे असले पाहिजे. पण पागेचा बारगीर हा सरकारी घोड्यावरचा पगारी माणूस. सभासद सांगतो त्याप्रमाणे पावसाळ्यात पागा छावणीला येई, तिथे दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे आधीच तयार ठेवलेली असत. घोडे घरोघर वाटून दिले असते तर या तयारीची गरजच नव्हती. पेरणी हेच मूळ कारण असते तर पेरणी उरकल्यावर, श्रावणात, पुन्हा निघायला हरकत काय होती? निघायचे मात्र दसऱ्याला, म्हणजे जमीन घट्ट झाल्यावर, नद्या उतरल्यावर, गवतात कस आल्यावर आणि शेतात खायला उभे राहिल्यावर. याला साक्ष म्हणून मी लढाईशी काही संबंध नसलेल्या माणसांना बोलावतो. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातले फिरस्ते धनगर दिवाळीच्या सुमारास देशावरून निघून घाट उतरतात, उन्हाळा कोकणात काढतात आणि पाऊस लागायच्या आत देशावर परततात. त्यांच्या फिरस्तीला पेरणीची ओढ नाही. कोकणातल्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात आणि लोकर भिजून जनावरे दगावतात, म्हणून ते परततात. त्यांचे पंचांग आणि पागेचे पंचांग जवळपास एकच आहे, आणि दोन्ही जनावराच्या पायांनी लिहिलेले आहे.

हे पंचांग मोडणाऱ्यांचे काय झाले तेही पाहावे. औरंगजेबाने 1702च्या जूनमध्ये विशाळगड घेतला आणि ऐन पावसात लष्कर परत फिरवले. पन्हाळ्यापर्यंतची सुमारे तीस मैलांची वाट कापायला त्याला महिन्याहून अधिक काळ लागला. ओढ्यांनी तंबू आणि सामान नेले, हत्ती, उंट, घोडे वाटेत पडले. त्या छावणीकडे पैसा होता, माणसे होती, बादशहा स्वतः होता. कोरडी जागा आणि वैरण नव्हती. दुसरे उदाहरण आपले आहे आणि त्याची बोच अजून गेलेली नाही. सदाशिवरावभाऊ 1760च्या मार्चमध्ये पटदूरहून निघाले, म्हणजे ज्या सुमारास घोडी माघारी आणायची त्या सुमारास. तो पावसाळा उत्तरेत गेला. दिल्ली घेतली तिथे दाणावैरणीची चणचण होतीच. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा पडला तेव्हा हाती लागलेल्या धान्याने काही दिवस निभावले. मग पानिपतावर वेढल्यासारखी अवस्था झाली, डिसेंबरमध्ये रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि 14 जानेवारी 1761च्या सकाळी मराठे बाहेर पडले ते अर्धपोटी माणसांनी आणि त्याहून उपाशी घोड्यांनी. पराभवाची कारणे पुष्कळ आहेत; तोफखाना, यात्रेकरूंचा लवाजमा, सरदारांतले मतभेद, सगळी खरी. पण ज्या सैन्याची खासियत वेग होती त्याचा वेगच त्या दिवशी नव्हता, आणि तो गेला होता वैरणीबरोबर. शिंदे-होळकरांची लष्करे तर उत्तरेत वर्षानुवर्षे पावसाळे काढत होती, मग पानिपतावरच का बोट ठेवायचे, असे कुणी म्हणेल. उत्तर त्यातच आहे. ती छावणी करून राहत, भोवतालचा मुलूख वसुलीखाली असे आणि बेगमी आधी होई. भाऊंना यमुनेच्या काठी तेवढी उसंत आणि तेवढा आज्ञेतला मुलूख मिळाला नाही.

आणखी एक आक्षेप असा की उत्तम घोडे इथे पैदा होतच नव्हते. ते समुद्रावरून येत, म्हणून खरा इतिहास पागेचा नसून बंदरांचा आहे. बंदरांचा इतिहास मोठा आहे खराच. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राजाबद्दल लिहिले आहे, की चाच्यांशी त्याचा करार होता, लुटीतले घोडे तेवढे राजाचे. दक्षिणेतल्या राजांकडे अरबस्तानातून दरवर्षी घोडे येतात आणि निगा राखणारी माणसे नसल्याने लवकर मरतात, हेही तोच सांगतो. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी 1470च्या आगेमागे एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरला तिथल्या खानाने तो काढून घेतला, मग परत दिला. पावसाळाभर त्याला तिथे अडकून पडावे लागले आणि त्या चिखलाची नोंद त्याने केली. इथे घोड्यांना चणे घालतात आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवतात, हेही त्याने टिपले आहे. 1510मध्ये आल्बुकर्कने गोवा जिंकल्यावर होर्मुझच्या घोड्यांवरची जकात पोर्तुगीजांच्या मोठ्या उत्पन्नांपैकी एक बनली आणि विजयनगर व विजापूर दोघांनाही गोव्याकडे पाहावे लागले. या सगळ्याचा अर्थ मी उलटा लावतो. विकत घेतलेला अरबी घोडा दरबाराला परवडला. मोहिमेवरच्या हजारो बारगिरांना तो पुरणे शक्यच नव्हते. आणि जो येई तो जगवणे ही स्वतंत्र विद्या होती. मराठ्यांचा घोडा तयार झाला तो भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यात, गावठी घोड्यांत अरबी आणि तुर्की रक्त मिसळून. शिरूर, दौंड, बारामतीचा हा पट्टा कमी पावसाचा, हवा कोरडी, जमीन कठीण, ज्वारीचा कडबा मुबलक. ओल्या कोकणात जे खूर सडले असते ते इथे टणक झाले. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि शिंगरू खोगिराला यायला तीन-चार वर्षे जातात. म्हणजे पानिपतावर मेलेल्या घोड्याची जागा भरायला निदान चार-पाच पावसाळे जावे लागले असणार. जहाजाने हा काळ थोडा कमी होईल, टळणार नाही.

सभासद आदर्श सांगतो, वस्तुस्थिती नव्हे, असेही म्हणता येईल. महाराज जाऊन दीड दशक झाल्यावर, संकटाच्या काळात, तो जुन्या घडीची आठवण लिहीत होता. म्हणूनच चिपळूणचे पत्र मोलाचे. ते नियम कसा होता हे सांगत नाही, तो मोडतो आहे म्हणून रागावते. अठराव्या शतकात पागेपेक्षा स्वतःचा घोडा आणणारे शिलेदार वाढले, हे खरे; त्याने निगेची गरज संपली नाही, तिची जागा बदलली. सरकारी गंजीऐवजी घरची गंजी, मोतद्दाराऐवजी घरातली बायकापोरे. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची रोजी गेली, म्हणून तो लढाईत जनावर जपून वापरी, अशी टीका त्या काळी आणि नंतरही झाली. लष्करी दृष्टीने ती रास्त आहे. पण ज्या घरात शिंगरू पाच वर्षे ताटातला घास काढून वाढवले जाते, त्या घराला दोष देण्याआधी ती पाच वर्षे मोजायला हवीत.

1817च्या पुणे तहाने पेशव्याच्या खर्चाने इंग्रजी हुकमतीखालचे घोडदळ उभे राहिले. त्यातूनच पूना हॉर्स ही पलटण आली, जी आज भारतीय सैन्यात रणगाडे चालवते. पुढच्याच वर्षी पेशवाई गेली आणि भीमाकाठच्या हजारो शिलेदारांचे काम गेले. घोड्याला गिऱ्हाईक उरले नाही. कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिरूरजवळ आलेगावला घोडपैदाशीचा तळ ठेवून पाहिला. गावाच्या नावाला पागा हा शब्द आजही जोडलेला आहे. ते जमले नाही, आणि पुढे लष्कराला ऑस्ट्रेलियातून घोडे आणणे सोयीचे वाटले. सरकारी तळावर नर, माद्या, नोंदवह्या सगळे होते. गावोगावी घोडी पाळणारी, तिची चंदी भिजवणारी, तिच्या शिंगराला भाव मिळेल अशी खात्री असलेली घरे मात्र मोडली होती. जात टिकते ती या घरांच्या जिवावर.

भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या या घोड्याची, म्हणजे भीमथडीची, जात त्यानंतरही पुरती संपली नाही, आणि ती कुणी टिकवली हे पाहिले तर माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार मिळतो. ती टिकली फिरस्त्या धनगरांच्या वाड्यांवर, ओझ्याची तट्टे म्हणून. संसार, वाघर, भांडीकुंडी, नुकतीच जन्मलेली कोकरे, लहान मुले हे सगळे त्यांच्या पाठीवरून घाट उतरते आणि चढते. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा नांदेडकडच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत नजर खिळते ती उंच, नाचऱ्या घोड्यांवर. या बुटक्या तट्टांना कुणी थांबून पाहत नाही. अलीकडे राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली, ही आनंदाची गोष्ट आहे, आणि ती व्हायला उशीर झाला. पण नोंद उंची, रंग, बांधा यांची होते. ज्या गुणांसाठी हे जनावर एके काळी नावाजले गेले, म्हणजे थोड्या दाण्यावर भागवणे, खडकावर न लंगडणे, नव्या मुक्कामी शांत उभे राहणे, ते सगळे फिरस्तीच्या कामातून टिकले आहेत. धनगरांची जुनी चराऊ राने, वाटेवरची पडीक शेते आणि घाटाखाली उतरण्याचे मार्ग एकेक करून बंद होत आहेत, आणि तरुण मुले मेंढरे सोडून टेम्पोत सामान भरू लागली आहेत. त्यांना तसे करू नका म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. मात्र भीमथडी वाचवायची असेल तर पैसा आणि लक्ष नर घोड्यांच्या प्रदर्शनांआधी कुरणांकडे, वैरणीकडे आणि गाभण घोडी पोसणाऱ्या वाड्यांकडे जायला हवे.